बेळगावची भेंडी ‘आय’वर अडते

निपाणीच्या स्टँडवरून सुटलेली बेळगाव गाडी तवंदीचा घाट चढायला लागली की मागच्या बाकावरचा खेळ रंगात येतो. खेळ जुनाच, गावांच्या भेंड्या. फक्त हल्ली अक्षरं इंग्रजी. एकानं गाव सांगायचं, त्याच्या स्पेलिंगचं शेवटचं अक्षर पकडून दुसऱ्यानं पुढचं गाव काढायचं. इंग्रजी माध्यमात जाणाऱ्या थोरल्यानं ‘बेलगावी’ असं ऐटीत फेकलं आणि धाकटीवर ‘आय’ आला. तिनं थोडं थांबून ‘इचलकरंजी’ काढलं. शेवटी पुन्हा आय. थोरला म्हणाला, ‘इगतपुरी’. पुन्हा आय. धाकटीनं ‘इंडी’ काढलं, विजापूरकडचं. परत तेच. शेवटी शेजारच्या सीटवरच्या आज्जाला राहवलं नाही. “बेळगाव म्हण की रे सरळ. शेवटी एम येतंय. मिरज हाय, मुंबई हाय, म्हापसा हाय. कितीबी निघत्यात.”

“आज्जा, आता एम नाही. बदललंय ते.”

आज्जानं पिशवीचे बंद आवळले आणि खिडकीबाहेर बघितलं.

सत्तर वर्षं चाललेल्या वादाचं हे सगळ्यात छोटं रूप. १९५६ साली मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलेल्या या पट्ट्यात मोर्चे, ठराव, आयोग, खटले सगळं झालं. पोरांच्या खेळात त्यातलं उरतं ते एक अक्षर, तेही शेवटचं. आणि ते वाटतं तितकं किरकोळ नाही.

१ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातल्या १२ शहरांची इंग्रजी नावं बदलली. बंगळूर, म्हैसूर, मंगळूर, हुबळी, बेळगाव, गुलबर्गा, विजापूर, बळ्ळारी, शिमोगा, चिकमगळूर, तुमकूर, होस्पेट. त्यावर भरपूर लिहिलं-बोललं गेलं, पण त्या यादीकडे कुणी कोडं सोडवणाऱ्याच्या नजरेनं बघितलेलं दिसत नाही. बघण्यासारखी आहे. जुन्या बारा नावांपैकी आठ नावं उच्चारात व्यंजनावर थांबायची. बँगलोर, मायसोर आणि मँगलोर यांच्या शेवटी लिहिण्यापुरता एक ‘ई’ असायचा, पण तो मुका. नव्या बारा नावांपैकी एकही व्यंजनावर थांबत नाही. पाच नावं ‘यू’वर संपतात, चार ‘आय’वर, दोन ‘ए’वर आणि एकटं होसपेटे ‘ई’वर, आणि तोही ‘ई’ आता बोलका झाला आहे. एका सरकारी आदेशानं आठ शहरांच्या तोंडी स्वर बसवला.

शब्दकोड्याच्या भाषेत सांगायचं तर ‘इंग्रजीत आठ अक्षरी, शेवटी आय’ असा प्रश्न आला तर त्या यादीतून आता दोन उत्तरं निघतात, हुबळी आणि बेळगाव. ‘नऊ अक्षरी, शेवटी यू’ म्हटलं की बंगळूर आणि मंगळूर. जिल्ह्यातच राहायचं तर ‘सहा अक्षरी, शेवटी ए-एन-आय’ ही निपाणी आणि अथणीची जोडी होती, पण सरकारी इंग्रजीत निपाणीला दुसरा ‘पी’ मिळाला आणि जोडी फुटली. चिकोडी, हुक्केरी, सौंदत्ती, मूडलगी. या जिल्ह्यात ‘आय’चं पीक तंबाखूपेक्षा जोमदार आहे.

अमुक इतक्या अक्षरांचे आणि अमुक अक्षरावर संपणारे इंग्रजी शब्द गोळा करणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग मानला जातो. पाच अक्षरी, शेवटी वाय. सहा अक्षरी, शेवटी के. अशा याद्या माणसं आज लाखांनी शोधतात, त्याला कारण ‘वर्डल’. जॉश वॉर्डल या अभियंत्यानं आपली जोडीदार पलक शाह हिच्यासाठी हा पाच अक्षरी शब्द ओळखण्याचा खेळ बनवला. इंग्रजीतल्या बारा-एक हजार पाच अक्षरी शब्दांतून रोजच्या ओळखीचे अडीच हजाराच्या आसपास शब्द निवडण्याचं काम पलकनंच केलं. १ नोव्हेंबर २०२१ रोजी हा खेळ ९० माणसं खेळली होती, २ जानेवारी २०२२ ला तीन लाखांहून अधिक. त्याच महिन्यात न्यूयॉर्क टाइम्सनं तो विकत घेतला. (१ नोव्हेंबर ही तारीख सीमाभागात राज्योत्सव आणि काळा दिन अशी एकाच दिवशी दोन रंगांत येते; त्या तिसऱ्या घटनेची कुणाला खबर नव्हती.) वर्डलच्या उत्तरांमध्ये शेवटी सगळ्यात जास्त वेळा ‘ई’ येतो आणि त्याच्या पाठोपाठ ‘वाय’. साधी अनेकवचनं नको म्हणून ‘एस’वर संपणारे बहुतेक शब्द गाळले गेले, म्हणून तो मागे पडला.

ई आणि वाय. सीमाभागातल्या मुलाचं इंग्रजी नेमकं याच दोन अक्षरांवर उभं आहे. म्हणून शेवटच्या अक्षरानुसार शब्द लावण्याचा हा ‘रिकामा उद्योग’ बेळगाव-निपाणीच्या प्राथमिक शाळांत रीतसर व्हायला हवा. मागणी थोडी विचित्र वाटेल, पण तिच्यामागे या भागाच्या जिभेचा इतिहास आहे.

निपाणीच्या वेशीवरचंच उदाहरण घ्या. गाव कर्नाटकात, पण गावातल्या कित्येक पिढ्या ज्या देवचंद कॉलेजात शिकल्या ते अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. पोरं सकाळी राज्य ओलांडून वर्गात जातात आणि दुपारी राज्य ओलांडून जेवायला येतात. तर हा शब्द, कॉलेज. इंग्रजीत सात अक्षरं, शेवटी ई. तो ई लिहायचा, उच्चारायचा नाही. मराठीत ‘कॉलेज’, शेवटच्या ‘ज’मध्ये अ लिहिलेला आहे, पण तोही कुणी उच्चारत नाही. आणि कन्नडमध्ये तोच शब्द होतो ‘कालेजु’. शेवटी उ, आणि तो स्वच्छ ऐकू येतो. एकच इमारत, एकच शब्द, शेपट्या तीन. इंग्रजीची मुकी, मराठीची मुकी, कन्नडची बोलकी.

इथं मराठी शिकवणारे आणि इंग्रजी शिकवणारे दोघेही एक मोठी गोष्ट हातची घालवतात. इंग्रजीतला मुका ‘ई’ हा पहिली-दुसरीच्या पोरांचा जुना शत्रू. ‘केक’च्या शेवटी ई कशाला, ‘गेट’च्या शेवटी ई कशाला, म्हणून मुलं ‘केके’, ‘गेटे’ असं वाचतात आणि हशा पिकतो. पण मराठी मूल तर जन्मापासून मुक्या स्वरासोबत राहत असतं. ‘घर’ लिहिताना र पूर्ण लिहायचा आणि बोलताना अर्धवट सोडायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ‘बेळगाव’ या शब्दात असे दोन मुके अ आहेत, एक ‘ळ’मध्ये आणि एक ‘व’मध्ये. त्याला एवढंच सांगितलं की बाबा, इंग्रजीचा हा ई म्हणजे आपल्या घरातला अ, लिहायचा पण गिळायचा, तर निम्मी लढाई तिथंच संपते. काम मात्र सारखं नाही, तेही सांगावं लागतं. मराठीचा मुका अ कुणाला त्रास देत नाही. इंग्रजीचा मुका ई मागच्या स्वराची मान धरतो. ‘कॅप’च्या शेवटी तो बसला की ‘केप’ होतो.

उलट, घरी कन्नड बोलणारं मूल मराठी किंवा इंग्रजी वर्गात बसलं की त्याला शब्दाचा शेवट तुटल्यासारखा वाटतो. कन्नडचा स्वभावच शब्द स्वरावर आणून ठेवण्याचा. बस म्हणजे बस्सु, पेन म्हणजे पेन्नु, बुक म्हणजे बुक्कु, कार म्हणजे कारु. मराठी माणूस याची गंमत करतो, त्याला वाटतं इंग्रजी शब्द बिघडवले. पण कन्नडनं आपल्या स्वतःच्या शब्दांनाही हेच केलं आहे. जुन्या कन्नडमध्ये दुधाला ‘पाल्’ म्हणत, आज ‘हालु’ म्हणतात. डोळ्याला ‘कण्’ म्हणत, आज ‘कण्णु’. कण्-कण्णु आणि पेन-पेन्नु यांची घडण तंतोतंत एक आहे, आधीचा स्वर ऱ्हस्व असला की व्यंजन दुप्पट आणि मग उ. म्हणजे ‘पेन्नु’ म्हणणारं पोर चुकत नसतं. ते आपल्या भाषेचा शेकडो वर्षांचा नियम, कुणी न शिकवता, एका परक्या वस्तूला लावत असतं. त्याच्या पाठीवर थाप द्यायची सोडून त्याच्या वहीवर लाल रेघ पडते.

पु. ल. देशपांडे काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात शिकवत होते. त्यांच्या ‘गणगोत’मधले रावसाहेब अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतले, त्यात त्या कानडी वळणाच्या मराठीचा वाटा मोठा. वाचणाऱ्यांना ती लकब वाटली. या भागातल्या माणसाला ती लकब वाटत नाही. त्याच्या गल्लीत तसं बोलणारे चार जण रोज भेटतात. शब्दाचा शेवट इथं कायमच हलता राहिला आहे. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या पट्ट्यात बाईसुद्धा ‘मी आलो’ म्हणते आणि पुण्याचा पाहुणा चमकतो. मराठीतली शाळा कन्नड फलकावर ‘शाले’ होते, भाषा ‘भाषे’ होते, पूजा ‘पूजे’ होते आणि महानगरपालिकेच्या दारावर ‘पालिके’ लिहिलेलं असतं. संस्कृतातून दोघींनी उचललेला शब्द एकच, पण मराठीनं आ ठेवला आणि कन्नडनं ए केला. फलक वाचता येणाऱ्या मराठी पोराला हे चौथीपर्यंत आपोआप कळतं. त्याला नियम विचारा, सांगता येणार नाही. नवा शब्द द्या, अचूक फिरवून दाखवेल.

जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन या अभ्यासकांचा सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडच्या बोलीवरचा लेख १९७१ साली प्रसिद्ध झाला आणि भाषाशास्त्रात तो आजही वाचला जातो. तिथं कन्नड, मराठी आणि उर्दू बोलणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहून वाक्याची बांधणी इतकी सारखी झाली होती की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यायचं. पण शब्द मात्र ज्याचे त्याचे राहिले. वाक्यं मिसळली, शब्दांनी आपापले कपडे सोडले नाहीत. बेळगावात दोन्ही भाषा बोलणारा दुकानदार गिऱ्हाईक बघून भाषा बदलतो तेव्हाही हेच होतं. वाक्याची चाल तीच, शेवटची मात्रा वेगळी.

आता वाय. इथं खरी मजा आहे.

पाच अक्षरी, शेवटी वाय असलेले इंग्रजी शब्द घ्या आणि त्यातले मराठी घरात रोज बोलले जाणारे वेगळे काढा. मम्मी, डॅडी, पार्टी, डायरी, डेअरी, लॉरी, एंट्री, रॅली, लॉबी, हॉबी, जेली, कँडी, स्टोरी, टॅली. लांबीची अट सैल केली तर बेकरी, बॅटरी, फॅक्टरी, कंपनी, लॉटरी, गॅलरी, स्टेशनरी, ज्वेलरी. या शब्दांना मराठीनं परकं मानलंच नाही. आई-बाप सोडले तर बहुतेक सगळे आले ते थेट स्त्रीलिंगी झाले, कारण काठी, वाटी, पाटी यांच्या ओळीत बसणारी ई त्यांच्याकडे आधीच होती. आणि अनेकवचनही घरचंच, काठ्या-वाट्यांसारखं. पार्ट्या, बॅटऱ्या, कंपन्या, डायऱ्या, लॉऱ्या. परीक्षेत होतात त्या कॉप्या. ‘बस’ येऊन शंभर वर्षं झाली तरी तिचं अनेकवचन बसेस की बसगाड्या यावर आजही एकमत नाही. ‘बॅटऱ्या’ म्हणताना मात्र कुणी क्षणभरही अडखळत नाही.

इंग्रजीचा स्वतःचा नियम बघितला तर चकित व्हायला होतं. एकवचनाच्या शेवटी वाय असेल तर अनेकवचनात वाय पडतो आणि आय-ई-एस येतं. मराठीत ई पडते आणि ‘या’ येतं. पार्टी-पार्ट्या म्हणणाऱ्या मुलाला इंग्रजी अनेकवचनाचा हा नियम निराळा शिकवावा लागतच नाही, फक्त दाखवावा लागतो. आणि इंग्रजीतला अपवादही मराठीच्या कानाला पटतो. वायच्या आधी स्वर असला, जसा ‘बॉय’ किंवा ‘डे’मध्ये आहे, तर इंग्रजी वायला हात लावत नाही, नुसता एस जोडते, मराठीतही या शब्दांना ई मिळत नाही, म्हणून ‘या’ही लागत नाही. ‘ट्रॉली’ मात्र दगा देते. तिच्या स्पेलिंगमध्ये वायच्या आधी ई हा स्वर आहे, त्यामुळे इंग्रजीत नुसता एस. पण निपाणीच्या हमरस्त्यावर उसाच्या हंगामात ज्या रांगेनं उभ्या असतात त्या ट्रॉल्याच. हा एक अपवाद सांगितला की मूल उरलेले स्वतः शोधत बसतं.

कन्नड इथं काय करते? काहीच नाही, आणि मुद्दा तोच. बस, पेन, कॉलेज यांना उकाराचं शेपूट लावणारी कन्नड लॉरी, पार्टी, कंपनी यांच्यापुढे गप्प बसते, कारण तिला हवा तो स्वर शब्दासोबतच आलेला असतो. फक्त अनेकवचनाला ‘गळु’ लावते. लॉऱ्या म्हणजे लारिगळु. म्हणजे व्यंजनावर संपणारे इंग्रजी शब्द सीमेवर आले की मराठी आणि कन्नडच्या वाटा फुटतात, वायवर संपणारे आले की दोघी एकाच बाकावर बसतात. शाळेत तिन्ही भाषांची गाठ घालायला याहून सोयीची जागा कुठली?

बेळगावच्या खडे बाजारातून गणपत गल्लीकडे चालत निघालं की फलकांवर हेच दिसतं. २०२४ च्या कायदादुरुस्तीनंतर कर्नाटकात दुकानाच्या पाटीचा ६० टक्के भाग कन्नड असावा लागतो, तोही वरच्या बाजूला. त्यावरून पाट्या उतरल्या, पाट्यांना काळं लागलं, निवेदनं दिली गेली. आपल्या भाषेची पाटी हवी असं वाटणं रास्त आहे आणि ती मागणाऱ्या मराठी दुकानदाराची बाजू या लेखातून सोडायची नाही. पण पाटीवर लिहिलेलं असतं काय? ‘बेकरी’. वर कन्नड लिपीत, खाली रोमनमध्ये, जागा उरली तर कोपऱ्यात देवनागरीत. शब्द तिन्हीकडे इंग्रजीच. कन्नड आणि मराठी ‘बेकरी’त फरक शोधायचा तर भिंग लागेल. कन्नडमध्ये शेवटची वेलांटी ऱ्हस्व, मराठीत दीर्घ, कारण शब्दाच्या शेवटची इ मराठीत दीर्घ लिहायची असा आपला नियम. कन्नडमध्ये कवि, मराठीत कवी. तसंच ‘बेळगावि’ आणि ‘बेळगावी’.

मराठी कानाला या नव्या नावाचं अवघडलेपण त्या वेलांटीतच आहे. ‘बेळगावी’ हा मराठीत आधीपासून शब्द आहे, पण तो विशेषण आहे. बेळगावी कुंदा, बेळगावी हेल, बेळगावी माणूस. गावाला विशेषणानं हाक मारायची म्हणजे कुणाला ‘अहो कोल्हापुरी’ म्हणण्यासारखं. कन्नड माणसाला यात काही खटकत नाही, कारण त्याच्या भाषेत ते नामच आहे. दोन्ही बाजू आपापल्या व्याकरणाशी प्रामाणिक आहेत आणि भांडण तरीही खरं आहे.

आणि जिथं मराठीला मोकळीक मिळाली तिथं तिनं काय केलं तेही सांगायला हवं. निपाणीतून कागलकडे निघा, पाट्या बदलतात आणि ‘मोबाईल शॉपी’ सुरू होते. साडी शॉपी, शूज शॉपी, चहाचीही शॉपी. इंग्रजीत चार अक्षरी ‘शॉप’ आहे. जुनाट थाट आणायचा तर शेवटी आणखी एक पी आणि एक मुका ई लावून लिहिलेलं रूपही आहे, पण त्याचाही उच्चार ‘शॉप’च. बहुधा तो मुका ई आपल्याकडच्या कुणा रंगाऱ्यानं किंवा मालकानं मोठ्यानं वाचला आणि मराठीला एक स्त्रीलिंगी नाम मिळालं, ती शॉपी, त्या शॉप्या. इंग्रजीचे प्राध्यापक याला हसतात. खरं तर ‘पेन्नु’ म्हणणाऱ्या कन्नड पोराचाच हा मराठी भाऊ. त्यानं उ लावला, यानं ई.

शाळेत मात्र हे सगळं दाराबाहेर चपलांसोबत ठेवून यायचं असतं. सीमाभागातल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळेतलं पोर तीन लिप्या शिकतं. २०१५ च्या कायद्यानं कर्नाटकातल्या सगळ्या शाळांत कन्नड सक्तीची झाली. इंग्रजी तर आहेच. पलीकडे महाराष्ट्रात रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना २००० साली पहिलीपासून इंग्रजी आली, त्यावर तेव्हा रान पेटलं होतं. दोन्ही राज्यांत वाद झाला तो इंग्रजी कधी सुरू करायची याचा. कुठून सुरू करायची, शब्दाच्या कुठल्या टोकाकडून, हा प्रश्न कुणी विचारला नाही. सगळीकडे ए फॉर अ‍ॅपल. शब्दाचं पहिलं अक्षर. पहिल्या अक्षरात व्याकरण नसतं. ते शेवटाला असतं. मराठीत लिंग-वचन शेवटाला, कन्नडमध्ये प्रत्यय शेवटाला, इंग्रजीत एस, ईडी, आयएनजी शेवटाला. तिन्ही भाषा ज्या टोकाला काम करतात ते टोक सोडून आपण दुसऱ्या टोकाला सफरचंद लटकवून बसलो आहोत.

करायचं एवढंच. एका तासाला मुलांनी घरून शाळेपर्यंतच्या वाटेवरचे दहा इंग्रजी शब्द पाट्यांवरून उतरवून आणायचे. फळ्यावर ते शेवटच्या अक्षरानुसार लावायचे. ईचे एका बाजूला, वायचे दुसऱ्या, बाकीचे तिसऱ्या. मग अक्षरं मोजायची. मग प्रत्येकाचं मराठी एकवचन-अनेकवचन आणि कन्नड रूप ज्याला येतं त्यानं सांगायचं. वर्गात कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या उर्दू, कुणाच्या कोकणी असेल तर आणखी बरं. ‘डेअरी’ आणि ‘डायरी’ शेजारी आल्या की दोन्हींत तीच पाच अक्षरं आहेत, फक्त ए आणि आयनं जागा बदलली आहे, हे एखादी पोरगीच पहिल्यांदा ओरडून सांगेल. ज्या भागात गोकुळचं आणि नंदिनीचं दूध एकाच टपरीवर मिळतं तिथं हा शब्द तरी चुकू नये. खर्च खडूचा.

याला आक्षेप आहेत, आणि त्यातला एक खरा आहे. शेवटचं अक्षर स्पेलिंगचा मार्ग दाखवतं, उच्चाराचा नेहमी दाखवत नाही. खोकल्याचा ‘कॉफ’, मळलेल्या कणकेचा ‘डो’, खडबडीत म्हणायचा ‘रफ’ आणि झाडाच्या फांदीचा ‘बाउ’. चारही शब्द पाच अक्षरी, चारही ओ-यू-जी-एच वर संपणारे, आणि चौघांचे उच्चार चार दिशांना. दोन अक्षरी, शेवटी ओ घेतलं तरी तेच, ‘गो’ आणि ‘सो’ एकीकडे, ‘टू’ आणि ‘डू’ दुसरीकडे. १९७५ च्या ‘चुपके चुपके’मध्ये धर्मेंद्रनं यावरूनच ओम प्रकाशना हैराण केलं होतं. तेव्हा यादी लावली की इंग्रजी आली असं कुणी समजू नये. नुसती पाठ करून घेतली तर ती सफरचंदाहून वाईट. दुसरा आक्षेप भाषाप्रेमींचा, दोन्हीकडच्या. इंग्रजी शिकवायला मराठी कशाला, आणि मराठी वर्गात कन्नड रूपं कशाला? त्याला उत्तर द्यायला वेळ घालवू नये. ती रूपं पोरं मधल्या सुट्टीत बोलतातच.

राहता राहिला आज्जाचा एम. तो तरी आला कुठून? मराठी तोंडात बेळगावच्या शेवटी म नाही. जुन्या मराठीत ‘गांव’वर अनुस्वार होता, बोलण्यात नाकातला सूर होता आणि इंग्रज लेखनिकांनी तो एम करून टाकलेला दिसतो. १८१८ च्या कोरेगावच्या लढाईचा पलटणींना मिळालेला मान इंग्रजी लष्करी कागदांत ‘कोरीगॉम’ असाच आहे, शेवटी ए-यू-एम. पुढे १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून काढले आणि ‘गांव’चं ‘गाव’ झालं. ज्याची ती सावली होती तो अनुस्वार गेला, सावली पुढे बावन्न वर्षं इंग्रजी स्पेलिंगमध्ये राहिली. म्हणजे आज्जा ज्या अक्षरासाठी हळहळत होता ते मराठीनं आपल्या हातानं आधीच पुसलं होतं. अजून ते एका ठिकाणी शिल्लक आहे. स्टेशनवरची पाटी बदलली तरी रेल्वेच्या तिकिटावर बेळगावची खूण बीजीएमच येते.

गाडी हत्तरगीच्या टोलनाक्यावर थांबली तेव्हा भेंडी अजून आयवरच होती. इटारसी झालं होतं, केरळातलं इडुक्की झालं होतं; जे गाव आयनं सुरू व्हावं ते आयवरच संपत होतं. शेवटी धाकटीला ‘इस्लामपूर’ आठवलं. थोरला म्हणाला, ते चालणार नाही, २०२५ मध्ये त्याचंही नाव ईश्वरपूर करायचं ठरलंय. तिनं बोटांवर दोन्ही स्पेलिंग मोजली. एक आठ अक्षरी, एक नऊ अक्षरी. सुरुवातीला दोन्हीकडे आय, शेवटी दोन्हीकडे आर.

“कुठलंबी घे,” ती म्हणाली. “तुझ्यावर आर.”

“रायबाग,” आज्जा खिडकीबाहेर बघतच म्हणाला. “शेवटी जी.”

“गोकाक.”